खालच्या मजल्यावरची खोली

गुरुवारी सकाळी अकरा वाजता लंडनजवळ मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवरच्या वकील हेलन प्रिचर्ड यांनी परीक्षित देवस्थळीला खोलीबाहेर बसायला सांगितलं. आई आत राहिली.

"मी त्यांचा मुलगा आहे," परीक्षित म्हणाला.

"म्हणूनच," हेलन म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

डॉ. अरुणा देवस्थळींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मँचेस्टरच्या सरकारी इस्पितळात त्यांची सारी नोकरी भूलतज्ज्ञ म्हणून झाली होती. रुग्णाची संमती विचारण्याआधी नातेवाइकांना बाहेर काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. "नवरा शेजारी उभा असताना बाई जे हो म्हणते, ते नवऱ्याला म्हणते, ऑपरेशनला नाही," असं त्या ज्युनियर डॉक्टरांना बजावत. आज त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होत्या, इतकंच.

प्रकरण घराचं होतं. पती मुरलीधर गेल्यानंतर अरुणाबाईंनी मँचेस्टरचं घर विकलं आणि त्या मेडनहेडला मुला-सुनेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. ठरलं असं, की तिघांनी मिळून घर घ्यायचं. विक्रीतून आलेले जवळजवळ सगळे पैसे अरुणाबाईंनी घालायचे, उरलेल्याचं कर्ज परीक्षित आणि श्रद्धानं काढायचं. अरुणाबाई सत्तरी ओलांडलेल्या. तीस वर्षांच्या कर्जात बँक त्यांचं नाव घेणार नव्हती. म्हणून हे पैसे मुलाला भेट म्हणून देत आहे, असं पत्र त्यांनी वसंतात लिहून दिलं होतं. फोनवर लिंक आली, चहा उकळेपर्यंत सही झाली. घर मनासारखं सापडलं. खालच्या मजल्यावर बागेकडे तोंड करून एक खोली, तिला लागून शॉवर. दुखऱ्या गुडघ्यांना जिना नको. अरुणाबाईंनी त्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन ठेवलं होतं, पडद्यासाठी.

कायद्याचं काम परीक्षितनं इस्टेट एजंटनं सुचवलेल्या फर्मला दिलं, कारण ती सगळ्यांत स्वस्त होती. फर्म लांब उत्तरेकडे होती. फोन केला की संगीत वाजत राही आणि प्रत्येक ईमेलखाली नवं नाव असे. "आज कोणाची पाळी?" असं श्रद्धा विचारायची.

बँकेच्या अर्जात एक प्रश्न होता: कर्जदारांखेरीज आणखी कोणी प्रौढ व्यक्ती या घरात राहणार आहे का? परीक्षितनं 'नाही' लिहिलं. त्याला काही लपवायचं नव्हतं. आणखी कोणी म्हणजे भाडेकरू, एखादा मित्र. आई त्यात मोडते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

उलगडा श्रद्धामुळे झाला. खालच्या शॉवरच्या बांधकामाला कौन्सिलची मंजुरी आहे का, असं तिनं फर्मला विचारलं आणि ओघात लिहून गेली, ती खोली माझ्या सासूबाईंची आहे. मंजुरीबद्दल कोणी काही कळवलं नाही. आता हे बँकेला सांगावं लागेल, एवढं मात्र लगेच कळवलं, आणि मागोमाग बँकेचा दोन पानांचा कागद आला. त्यावर अरुणाबाईंनी सही करायची होती. तीही स्वतःचा वेगळा वकील गाठून, त्याचा सल्ला घेऊन, त्याच्यासमोर.

"फॉर्मॅलिटी आहे गं आई," परीक्षित म्हणाला. "जवळचा कोणीही बघू."

"कोणीही चालणार नाही. बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी मी एवढंच विचारलं होतं, सुरी कोण धरणार?"

त्यांनी तीन ऑफिसांना फोन केले आणि तिन्हीकडे विचारलं, माझ्याशी बोलणार कोण? दोघांनी 'आमची टीम' असं सांगितलं. तिसरीकडे फोन उचलणारी बाई म्हणाली, "मीच." त्या हेलन प्रिचर्ड.

दार लागल्यावर हेलननी कागद मधोमध ठेवला. "हा कशासाठी आहे असं वाटतं तुम्हाला?"

"बँकेला माझी अडचण नको म्हणून."

"बरोबर. घरात पैसे घालून तिथेच राहणाऱ्या माणसाचा घरावर हक्क तयार होऊ शकतो. तो हक्क आपल्या आड येऊ नये, अशी बँकेची इच्छा आहे. हप्ते थकले आणि बँकेनं घर ताब्यात घेतलं, तर हे माझंही घर आहे असं म्हणून तुम्हाला तिथं राहता येणार नाही."

"आणि ते भेटीचं पत्र?"

"त्यात तुम्ही म्हटलंय, पैसे परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. उद्या मुलगा आणि सून वेगळे झाले, तर घराची वाटणी त्या दोघांत होईल."

"त्यांचं छान चाललंय."

"चांगलं आहे. पण मला विचारावंच लागतं."

"मलाही लागायचं," अरुणाबाई म्हणाल्या. "भूल देण्याआधी धडधाकट माणसालासुद्धा मी विचारायचे, दात खरे आहेत ना?"

हेलन हसल्या. मग त्यांनी दुसरे मार्ग सांगितले. हिस्सा लिहून घेण्याचा करार असतो, पण ही बँक त्याला तयार होईल असं दिसत नाही. थोडे पैसे स्वतःकडे ठेवता येतील. मग मुलाला कर्ज वाढवावं लागेल किंवा लहान घर बघावं लागेल. किंवा स्वतःच्या नावावर छोटा फ्लॅट घेता येईल. "पैसे अजून तुमच्या खात्यात आहेत. तिथं आहेत तोवर तुम्ही मोकळ्या आहात. सही करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही."

"मग आज नको," अरुणाबाई म्हणाल्या.

गाडीत बसल्याबसल्या परीक्षितनं विचारलं, "झालं?"

"नाही."

"नाही म्हणजे? उद्या एक्स्चेंज आहे आई! करार पक्का व्हायचा दिवस. विकणाऱ्यांचं पुढचं घर आपल्यावर अडलंय. काय सांगू त्यांना?"

"आई विचार करतेय, असं सांग."

संध्याकाळी श्रद्धा खिचडीला फोडणी देत होती. परीक्षित लॅपटॉप उघडून बसला होता. अरुणाबाई टेबलाशी आल्या आणि त्यांनी तो कागद दोघांना दिसेल असा ठेवला.

"सगळं सांगून झालं की पेशंटला मी म्हणायचे, आता तुमच्या शब्दांत मला सांगा. 'कळलं' म्हणणारे फार असतात. मी कशावर सही करणार आहे, सांगा. परीक्षित, तू आधी."

"ही काय व्हायवा आहे का?"

"हो."

"बँकेचा स्टँडर्ड फॉर्म आहे. सगळे करतात. तुला कोण घराबाहेर काढणार आहे? मी?"

"हे उत्तर नाही. हा राग आहे."

श्रद्धानं गॅस बंद केला. "आई, मी सांगू?"

"सांग."

"पैसे तुमचे जातील. घर आमच्या दोघांच्या नावावर होईल. ह्याची नोकरी गेली, हप्ते थकले, तर बँक सांगेल तेव्हा तुम्हालाही निघावं लागेल. आणि आमचं दोघांचं बिनसलं, तर अर्ध्या घरावर मी हक्क सांगू शकेन. तुम्ही नाही."

"श्रद्धा, काय बोलतेस!"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. माझ्या आईनं पैसे घातले असते तर तिलाही हेच सांगितलं असतं. मग तू म्हणाला असतास, श्रद्धा किती प्रॅक्टिकल आहे."

"तू पास," अरुणाबाई सुनेला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तू पुन्हा बस परीक्षेला."

परीक्षितला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. सर्जनवरही असायचा. तरी जादा ऑक्सिजनचा सिलिंडर मी हात लावून बघायचे. सर्जनला त्याचा कधी राग आला नाही."

"मग मी काय करू?"

"कर्ज वाढवून मिळतं का, ते बँकेला विचार. मिळालं तर थोडे पैसे माझ्याकडे राहतील. नाही मिळालं, तर मी काय करेन ते मला अजून माहीत नाही."

खिचडी तिघांनी खाल्ली. टेबलावर जे बोलणं झालं ते हवेबद्दल आणि कचरा उचलायचा वार बदलल्याबद्दल.

शुक्रवारी एक्स्चेंज झालं नाही. विकणाऱ्यांनी एजंटकरवी सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली; त्यानंतर घर पुन्हा बाजारात लावणार. परीक्षितनं कर्ज वाढवण्याबद्दल बँकेकडे चौकशी केली आहे. बँकेनं, पाहून कळवतो, असं म्हटलं आहे. शॉवरच्या मंजुरीचं उत्तर अजूनही आलेलं नाही.

दुपारी अरुणाबाईंनी स्वतः फोन लावून हेलन प्रिचर्ड यांची सोमवारी सकाळची वेळ घेतली.

"सहीसाठी?" हेलननी विचारलं.

"ते तेव्हा बघू. एक विचारायचं होतं. स्टेशनजवळ एका बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा झाला, तर ते काम तुम्ही कराल की तुमची टीम?"

"मीच."

परीक्षितनं सोडायला येतो म्हटलं. "बसने जाईन," अरुणाबाई म्हणाल्या. "तसंही तुला बाहेरच बसवतील."

शनिवारी श्रद्धा हाउन्सलोला कापडाच्या दुकानात निघाली, तेव्हा अरुणाबाई तिच्याबरोबर गेल्या. खिडकीचं माप पर्समध्ये होतं, बँकेच्या कागदाशेजारी. दोघींना एकच कापड आवडलं. ते अजून कापून घेतलेलं नाही.