न्यू जर्सीचा चंद्रोदय

पुण्यात राहणारे लोक न्यू जर्सीचा चंद्रोदय कशाला बघतात, या प्रश्नाने मला पछाडलं होतं.

श्रीनिवासकाका स्वतः गणित करून पंचांग काढतात आणि त्यांची वेबसाइट आमच्या खराडीच्या ऑफिसात मी सांभाळते. देशोदेशीच्या मराठी माणसांसाठी तिच्यावर वेगवेगळी पानं आहेत, कारण संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सोडायचा आणि चंद्र काही सगळीकडे एकदम उगवत नाही. कुठल्या देशातल्या माणसाला कुठलं पान दाखवायचं, हे गूगलला नीट समजावणं हे माझं काम. तरीही दर संकष्टीला पुण्यातले शे-दोनशे जण अमेरिकेच्या पानावर जात.

काका फोनवर कडाडले. "पुण्याचा माणूस आला की पुण्याचंच पान उघडलं पाहिजे. बाकीची त्याला बंद करा. जमत नसेल तर सांगा, आम्ही दुसरं कोणी बघतो."

बंद करणं अगदीच सोपं होतं. पण चूक माझी नव्हती, हे मला दाखवून द्यायचं होतं. शिवाय मूळचा भोचकपणा स्वस्थ बसू देईना. लोक काय टाइप करून येतात ते मी काढलं. 'न्यू जर्सी चंद्रोदय आज'. म्हणजे वाट कोणीच चुकलं नव्हतं. ठिकाणाचं नाव घालून, ठरवून तिथे जात होते.

संकष्टीच्या दिवशीच मी लॅपटॉप घेऊन काकांचं घर गाठलं आणि लोक काय टाइप करतात ते त्यांना दाखवलं.

"पुण्यात बसून तिकडचा चंद्र कशाला?" काका म्हणाले. "इथला पुरत नाही वाटतं?"

माझ्यासाठी चहा घेऊन आलेल्या सुनीतीकाकू थांबल्या. "मी बघते," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आपली अवनी तिथे न्यू जर्सीत एकटीच उपास धरते. तिकडे चंद्र उगवला की मी फोन करते, मग ती पान वाढून घेते. लेकीशी अबोला तुम्ही धरलाय, मी नाही. माझ्यासारख्या आणखी असतील शंभर जणी."

मला उठून जावंसं वाटत होतं आणि पुढे काय होतंय ते बघायचंही होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"राहू द्या ते पान," ते मला म्हणाले.

मग लॅपटॉपकडे न बघता, काकूंना म्हणाले, "तिचा चंद्र आपल्या उद्या सकाळी सव्वासातला आहे. फोन लावशील तेव्हा मला हाक मार."