कॉर्कमबाईंचा फुगा

अवघड गोष्ट सोप्या शब्दांत सांगावी ती मीच, अशी माझी घमेंड होती. पाच वर्षांच्या पोरांना पस्तीस वर्षं शिकवल्यावर कुणालाही असं वाटेल. त्या ऑगस्टमध्ये ती घमेंड दोनदा उतरली.

पहिल्या वेळी हसण्यावारी गेलं. साथीमुळे मार्चपासून बंद असलेली आमची शाळा सप्टेंबरात उघडणार होती. त्याआधी चार-चार नवी मुलं बोलावून त्यांना वर्ग, दार, हात धुवायची जागा दाखवायची असं ठरलं. सरकारी कागद म्हणत होता, दोन मीटर अंतर ठेवा. पाच वर्षांच्या मुलाला मीटर काय कळणार? मी घरोघरी पत्र पाठवलं, त्यात लिहिलं, ‘दोघांच्या मध्ये एक हॉकी स्टिक आडवी मावली पाहिजे.’ हिवाळाभर बर्फावर हॉकी खेळणाऱ्या आमच्या गावात चमचा नसलेलं घर सापडेल, हॉकी स्टिक नसलेलं नाही. पहिल्या दिवशी चौघंही आपापली स्टिक घेऊन आली. पोरांच्याच स्टिका त्या, माझ्या कमरेलाही लागत नव्हत्या. त्या मध्ये धरून चौघं एकमेकांपासून हातभर अंतरावर अगदी शिस्तीत उभी राहिली.

“बाई, मोठ्या माणसाची स्टिक, असं लिहायला हवं होतंत,” डर्नेल हर्टल म्हणाला. हा आमचा मुख्याध्यापक. माझ्याच वर्गात अक्षरं गिरवून गेलेला.

“तू नको सांगूस मला स्टिकचं. सगळे सामने बाकावर बसून काढलेस.”

तो हसला आणि जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला लागला. तिथे ते मिटलं.

दुसरी चूक त्याच पत्राच्या पुढच्या ओळीत होती. ‘तुमचं मूल आता कॉर्कमबाईंच्या फुग्यात असेल.’ कॉर्कमबाई मीच. आणि फुगा म्हणजे एका वर्गाची मुलं आपसातच राहतील, दुसऱ्या वर्गात मिसळणार नाहीत. मला ती ओळ फार गोड वाटली होती. फुगा हा शब्द काही माझा नव्हे. मे महिन्यात नियम आला होता, की प्रत्येक घराने दुसरं एकच घर निवडायचं आणि त्या दोन घरांनीच एकमेकांकडे जायचं. त्या जोडीला सगळे फुगा म्हणायचे. साबणाचा असतो ना, तसा. कुणी कुणाला निवडलं यावरून गावात किती तोंडं फुगली ते विचारू नका.

माझ्या बहिणीने तिच्या मुलाचं घर निवडलं. तिथे नातू आहे, ती दुसरं काय करणार? मी फोनवर तिला तसंच म्हणाले आणि नंतर एक धुतलेला कप पुन्हा धुवत बसले. माझा नवरा आर्नल्ड गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बुधवारी अकरा वाजता हॉलिस निकलची पाळी होती. त्याची आई मासळीच्या कारखान्यात सकाळपाळीला असते, म्हणून त्याची आजी व्हर्ना, म्हणजे त्याची ‘नॅन’, त्याला आपल्या ट्रकमधून घेऊन आली. व्हर्ना आणि मी लहानपणी एका बाकावर बसायचो. ट्रक थांबला, पण हॉलिस काही उतरेना. दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरून बसला होता.

व्हर्ना खिडकीची काच खाली करून म्हणाली, “उन्हाळाभर शाळा शाळा करून डोकं खाल्लंन माझं. शुक्रवारी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि याची दातखीळ बसली. आज उतरला नाही तर त्याची आई नाव काढून घेणार आहे, थेल्मा. म्हणते, पुढच्या वर्षी बघू.”

एक वर्ष म्हणजे त्या वयात किती असतं ते मला ठाऊक आहे. मी खिडकीपाशी गेले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे मला तो दिसेना आणि त्याला माझं तोंड दिसेना.

“हॉलिस, काय झालं रे? मला नाही सांगणार?”

त्याने पट्टा आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, “मी तुमच्या फुग्यात आलो तर नॅनच्या फुग्यातून काढतील मला.”

“कोण काढेल?”

“एकच घ्यायचा असतो. आई म्हणाली होती. आम्ही नॅनला घेतलंय.”

व्हर्नाने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंसं पोर पाच दिवस मनाशी आजी की शाळा असं करत बसलं होतं, आणि ती गोड ओळ माझी होती.

नियम बदलले, हे वेगळे फुगे, असलं काही सांगून उपयोग नव्हता. ते डोळ्यांनीच दिसायला हवं होतं. मी आतून भांड्यांचा साबण, पाणी, पसरट ताट आणि तारेचं कडं आणलं. फुंकायची तर बंदी. डर्नेलने दारातूनच बोट हलवलं. म्हणून मी कडं बुडवून हवेत ओढत चालले. बंदरावरून वारा येत होता. पहिला फुगा फुटला, दुसरा फुटला. तिसऱ्याला हॉलिसचा ओठ बाहेर आला. फुगे एकमेकांना भिडले की फुटतात, हेच मी त्याला झकास दाखवत होते.

“नुसता साबण?” व्हर्ना खिडकीतून म्हणाली. “पस्तीस वर्षं पोरांना काय शिकवलंस गं? गोड नको का त्यात?” तिने सीटमागून काकवीचा डबा काढून ट्रकच्या पायरीवर ठेवला. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी बीन्स आणि काकवी घातलेला काळा पाव असतो, त्यासाठी घेतलेली काकवी होती ती.

काकवी घातली आणि सगळ्याचा तपकिरी चिखल झाला. पण फुगे टिकायला लागले. मी एक ताटात उतरवला, त्याच्या शेजारी दुसरा. दोघं सरकत सरकत आले, चिकटले आणि तसेच राहिले. मध्ये एक पातळ भिंत, बाकी दोन्ही अख्खे.

हॉलिसने पट्टा सोडला. खाली उतरला आणि ताटाजवळ उकिडवा बसला.

“हा नॅनचा,” तो म्हणाला.

“हो. आणि हा शाळेचा.”

“मी भिंतीत आहे.”

“अगदी बरोबर.”

“म्हणजे दोन्हीत.” त्याने ते स्वतःलाच दोनदा सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, घरी तुमचा फुगा कुणाबरोबर?”

“घरी नाही रे. कुणाबरोबरच नाही.”

“मे महिन्यापासून?” व्हर्ना मध्येच म्हणाली.

“मला कुणी निवडलंच नाही, व्हर्ना. नियम होता ना.”

“अगं बये, तो नियम जूनमध्येच गेला. आता दहा जण जमले तरी चालतं. मला वाटलं, तू साथीला घाबरून बसलीस, म्हणून कुणी तुझं दार वाजवलं नाही.”

म्हणजे नियम गेल्यावरही मी दोन महिने संध्याकाळी एकटी जेवत होते. बातम्या मीही ऐकल्या होत्या, कागद मीही वाचला होता. पण एकदा मनाने घेतलं की आपण कुणाच्याच फुग्यात नाही, की पुढचं कानावरून जातं. पाच वर्षांच्या पोराने पाच दिवस जे केलं, तेच मी साठाव्या वर्षी दोन महिने केलं होतं. मला हसू आलं, आणि चष्म्यावर आणखी वाफ धरली.

हॉलिसने काकवीचं बोट चाटलं. साबण लागला म्हणून तोंड वाकडं केलं. मग ताटात तिसरा फुगा सोडायला सांगितलं. फुगा चिकटेपर्यंत तो हलला नाही.

“हा बाईंच्या घराचा. नॅन, यांना शनिवारी बोलाव.”

“बोलावते. पण काकवी सगळी उडवलीन तिने,” व्हर्ना म्हणाली. “थेल्मा, येताना एक डबा घेऊन ये. बीन्स मी चढवते. पाचला ये, आणि बेल वाजवत बसू नकोस, दार उघडंच असतं.”

हॉलिस हात धुवायची जागा बघायला माझ्या पुढे चालत निघाला. दारापाशी थांबला, मागे वळला आणि आमच्यामध्ये किती अंतर आहे ते डोळ्यांनी मोजलं.

“मोठ्या माणसाची स्टिक,” मी म्हणाले.

“माहितीये,” तो म्हणाला आणि आणखी एक पाऊल लांब सरकला.

शनिवारी मी पावणेपाचलाच पोचले, काकवीचे दोन डबे घेऊन.