भिंगरीची शर्यत

रात्रपाळीला बेकरीत पाव भाजून आलं की सकाळचं जग मला पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. त्या दिवशी शाळेच्या मैदानावरही तेच झालं. फक्कीच्या रेषा हलत होत्या, पोरं तरंगत होती आणि शेजारी माझी ताई छत्री उघडून बसली होती, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

ताई आमच्याकडेच राहते. भिंगरीला आम्ही अनाथालयातून आणलं तेव्हापासून ती तिला 'तुमची मुलगी' म्हणते. दाट कुरळे केस, आमच्यापैकी कुणाचाच नाही असा रंग. "वंश बुडाला तरी चालेल, पण दुसऱ्याचा वाढवायला नको," असं एकदा तोंडावर म्हणाली. परकी असती तर उडवून लावलं असतं. पण सख्खी बहीण, त्यामुळे गिळलं. तिनं या पोरीला एकदा तरी 'आमची' म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव आसुसला होता.

शिट्टी वाजली. भिंगरी निघाली. आजूबाजूचा गलका विरून गेला. ती पळतेय की मैदानच तिच्या पायाखालून मागे सरकतंय, मला कळेना. सगळ्यांच्या आधी दोरी तिच्या छातीला लागली, तरी ती थांबली नाही. सरळ आमच्याच दिशेनं आली. मी हात पसरले, तर ही पठ्ठी ताईच्या मांडीवर जाऊन आदळली. छत्री उडाली.

मागच्या खुर्चीतले गृहस्थ कौतुकानं पुढे वाकले. "रक्तातच असतं हो यांच्या पळणं! ही कुठली जात म्हणायची?"

माझी झोप खाडकन उडाली. तोंडात शिवी आली होती.

पण त्याआधी भिंगरीच धापा टाकत म्हणाली, "मी नाही जात कुठं. आत्ताच तर आले. आत्याकडे."

गृहस्थ खो खो हसले. ताई हसली नाही. तिनं भिंगरीच्या कपाळावरचा घाम आपल्या तळहातानं पुसला आणि हात तिथंच राहू दिला.

"ऐकलंत?" ती मागे वळून म्हणाली. "कुठं नाही जात ती. आणि रक्ताचं म्हणाल, तर हा तिचा बाप बघा. काम सांगितलं की असाच पळतो. आमची आहे ती."

मी तिथंच, सगळ्या मैदानासमोर, ढसाढसा रडलो.