बाईंचा हात बोलला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. पण गाणी वाजवणारा नव्हे. मी माणसाच्या अंगातली वीज ऐकवतो.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम. तिथले शिपाईमामा हातचे कसबी. त्यांनी मला मोडक्या रेडिओतून काढलं, लाकडी खोक्यात बसवलं आणि आवाज वाढवणाऱ्या यंत्राला जोडलं. तेव्हापासून चेतापेशींचा पहिला धडा माझ्यावाचून झाला नाही.

तो धडा बाई शिकवत. बाही दुमडून आपल्याच कोपराखाली तारांच्या दोन चिकटपट्ट्या लावत आणि म्हणत, "चेतापेशीच्या आवरणाला इवलीइवली दारं असतात. ती उघडली की बाहेरचं सोडियम, आपल्या मिठातलंच, आत घुसतं आणि वीज पळत सुटते. ती स्नायूपर्यंत पोचली की हा स्पीकर ओरडतो."

त्या मूठ वळत, मी खरखरून ओरडे. मूठ सुटली की मी चिडीचूप. मुलं टाळ्या पिटत आणि मला वाटे, त्या माझ्यासाठीच आहेत. अशी वीस वर्षं गेली.

यंदा बाईंनी मूठ सोडली, तरी माझ्या तोंडून आवाज आला. ठप्. मग ठप् ठप्.

"बाई, तुमचा हात झोपेत बडबडतोय!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग खो खो हसला.

मी गोंधळून गेलो. मामा धावत आले, माझ्या पाठीत धपाटा घातला. "म्हातारा झालाय हा. तार सैल असेल." त्यांनी सगळे स्क्रू आवळले, पट्ट्या स्वतःच्या हातावर लावल्या. मी गप्प. पुन्हा बाईंच्या हातावर लावल्या. ठप्!

आता कुणी हसेना. बाईंच्या कातडीखाली काहीतरी गांडुळासारखं वळवळत होतं. त्या हाताकडे बघतच राहिल्या.

"महिनाभर खडू निसटतोय," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, दमले असेन."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. मामांनी मला कपाटात कोंडलं. "जिभेला हाड नाही मेल्याच्या!" तीन महिने मी अंधारात एकच विचार करत होतो: मी हे काय बोलून बसलो?

मग एका सकाळी कपाट उघडलं. समोर बाई होत्या.

"मामा, हा इथे का?"

"त्यानंच तुम्हाला आजारी पाडलं."

"अहो, आजार आधीचाच. अंगाचं संरक्षण करणाऱ्या पेशीच माझ्या नसांवर उलटल्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर थांबला असतात तर हात गेला असता. आता औषध लागू पडतंय."

त्या दिवशी बाईंनी पुन्हा मूठ वळली. दोन बोटं वळलीच नाहीत. माझा आवाज अर्धाच निघाला आणि मी पुरता हादरलो. पुढच्या बाकावरची मुलगी घाबरून उठून उभी राहिली.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "आज एवढी वीज पोचतेय. मागच्या महिन्यात एवढीही नव्हती."

मामा फडकं घेऊन माझ्यावरची धूळ पुसत राहिले.

मित्रांनो, जुन्या यंत्रानं नको ते सांगितलं, म्हणून त्याला कपाटात कोंडू नका. आधी आपल्या माणसाला डॉक्टरांकडे न्या.