चौतीस सेकंदांची खूण

ऐकू येतेय का माझी टिकटिक? आज ती जरा जोरातच चाललीय, कारण मी भलताच खुशीत आहे! मी शाळेतलं स्टॉपवॉच बोलतोय. तळहातात मावेन एवढा गोल, पाठीला स्टीलचं झाकण, डोक्यावर एकच बटण. एकदा दाबलं की मी पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की काटा शून्यावर. मला एवढंच येतं. पण एवढ्याशा विद्येवर मी भर चौकातली गाड्यांची रांग थांबवून दाखवलीय. खोटं वाटतं ना? मग ऐकाच.

एका कारखान्यात लांबलचक बाकावर माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका ताईंनी चिमट्याने माझी चक्रं बसवली, मला चावी दिली आणि कानाशी धरलं. मी टिकटिकलो. त्या हसल्या आणि लगेच पुढचं घड्याळ उचललं. दिवसाला साठ घड्याळं व्हायची त्यांच्या हातून, माझे लाड कितीसे करणार!

तिथून मी शाळेत आलो, खेळाच्या सरांच्या गळ्यात. काय दिवस होते ते! शिट्टी वाजली की धूळ उडायची आणि माझा काटा गरागरा फिरायचा. पुढे सरांनी मोबाइल घेतला. त्यात स्टॉपवॉच होतंच, शिवाय गाणीही. माझी रवानगी झाली खणात, फुटक्या शिट्ट्या आणि वीण उसवलेल्या मोजफितीच्या शेजारी. तिथे मी किती वर्षं होतो, ते मला विचारू नका. बंद घड्याळाला वेळ कळत नसतो.

मग एके दिवशी खण करकरला.

"सर, ते तुमचं जुनं घड्याळ चालतं का हो अजून?" गणिताच्या बाई विचारत होत्या. "मुलांना मोबाइल आणायला बंदी आहे, आणि मला मोजायला काहीतरी हवंय."

सरांनी मला शर्टाला पुसलं, चावी दिली. मी असा काही पळालो म्हणता! चक्रांत साचलेली धूळ झटकून पळालो.

हे मोजायचं प्रकरण सुरू झालं ते भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे बाईंच्या वर्गातली मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिचे आजोबा, आईचे वडील, शिवणकाम करायचे. घर रस्त्याच्या अलीकडे, दुकान पलीकडे. महिन्यापूर्वी ते दुकानात निघाले होते. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला म्हणून रस्त्यात उतरले, पण अर्ध्यातच दिवा लाल झाला, गाड्या सुटल्या आणि घाबरून आजोबा पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून त्यांनी दुकानच उघडलं नाही. घरी मशीन नाही, काम नाही. खिडकीत बसून बंद शटरकडे बघत राहायचे.

भिंगरीने वहीच्या कागदावर रस्ते विभागाला पत्र लिहिलं. हिरवा दिवा जास्त वेळ ठेवा, म्हणून. उत्तर आलं, तेही छापील. 'सदर रस्ता ओलांडण्यास सरासरी चौदा सेकंद लागतात. हिरवा दिवा वीस सेकंद असतो. बदलाची आवश्यकता नाही.'

पत्र घेऊन ती बाईंकडे गेली. "बाई, हे सरासरी सरासरी म्हणतात, ते खोटं बोलतायत ना?"

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "खोटं की खरं, मोजल्याशिवाय कसं सांगायचं? पुस्तकातल्या दहा मुलांच्या गुणांची सरासरी काढून तुम्ही तसेही कंटाळलात. चला, रस्त्यावर!"

तीन दिवस सकाळी आम्ही चौकात होतो. बाईंनी नियम घालून दिला होता: हिरवा लागला की आपल्या डावीकडून तिसरा माणूस मोजायचा. "आपल्याला हवा तो निवडायचा नाही. नाहीतर ती मोजणी नव्हे, लबाडी," असं त्यांनी बजावलं होतं. भिंगरी माझं बटण दाबायची, दुसरं कुणीतरी वहीत आकडा लिहायचं. फोनवर बोलत रमतगमत जाणारे, दप्तर सावरत धावणारे, बाळाला कडेवर घेतलेली आई! आठ सेकंद! सतरा! बारा! माझा काटा दमला, पण मी खूश होतो.

चाळीस माणसं झाली, तेव्हा वर्गात येऊन बाईंनी फळ्यावर तक्ता आखला. 'सहा ते दहा', 'अकरा ते पंधरा', असे पाच-पाच सेकंदांचे गट. एकेक आकडा वाचायचा आणि त्याच्या गटासमोर एक उभी रेघ मारायची. चार रेघा झाल्या की पाचवी तिरकी, म्हणजे मोजायला जुडी तयार. "ह्या ताळ्याच्या खुणा. आणि एका गटात किती जण आले, ती त्या गटाची वारंवारता," बाईंनी सांगितलं. पहिल्या गटात आठ, दुसऱ्यात एकोणीस, तिसऱ्यात अकरा, आणि 'एकवीस ते पंचवीस'मध्ये फक्त दोन.

मग सगळ्या सेकंदांची बेरीज. पाचशे साठ. भागिले चाळीस.

"चौदा," कुणीतरी पुटपुटलं.

सगळ्यांनी वहीत पुन्हा भागून बघितलं. तंतोतंत चौदा! रस्ते विभागाचं पत्र खरं होतं. भिंगरीने मला बाकावर ठेवलं आणि मान खाली घातली. माझीही टिकटिक मला ऐकवेना.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. "पण बाई, यात आजोबा कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"तीन दिवस मी बघतेय. काठीवालं कुणीच आलं नाही. समोरच्या मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, त्याही नाहीत. जे घाबरून येतच नाहीत, त्यांचा वेळ आपण कुठे लिहिला?"

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "अगं," त्या म्हणाल्या, "हे माझ्या कसं नाही लक्षात आलं!"

मग काय विचारता! वर्गातल्या पोरांनी चौकालगतच्या दोन गल्ल्या पिंजून काढल्या. दारोदार एकच प्रश्न: तुमच्याकडे कुणी रस्ता ओलांडायचं सोडून दिलंय का? दहा जण निघाले. त्यांना रस्त्यावर उतरवणं धोक्याचं, म्हणून बाईंनी तोड काढली. खेळाच्या सरांनी रस्त्याची रुंदी मोजून घेतली आणि शाळेच्या मैदानावर तेवढ्याच अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या.

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही! दहा म्हातारे-कोतारे रांगेत उभे. खिडक्यांतून अख्खी शाळा लोंबकळतेय. काठी टेकत मावशी निघाल्या की टाळ्या! सर सवयीने ओरडले, "पळा, पळा!" तशा बाई कडाडल्या, "सर, शर्यत नाहीये ही! त्यांना त्यांच्या चालीने येऊ द्या."

सगळ्यांत शेवटी शिंपीआजोबा आले. "अगं, कशाला हा तमाशा?" म्हणत होते, पण नवा सदरा घालून आले होते. चालले. मध्ये एकदा थांबून कमरेवर हात ठेवला, पुन्हा चालले. भिंगरीने बटण दाबलं. माझा काटा चौतिसावर होता.

ह्या दहा खुणा बाईंनी त्याच तक्त्यात लाल खडूने मारायला लावल्या. रस्त्यावरच्या पांढऱ्या, मैदानावरच्या लाल, म्हणजे कुणाची फसवणूक नको. नवी बेरीज आठशे चाळीस, माणसं पन्नास. सरासरी सोळा पूर्णांक आठ.

"बाई, ही तर अजून वीसच्या आतच!" पोरं हिरमुसली.

"सरासरी सोडा क्षणभर. पसारा बघा." बाईंचे डोळे चमकत होते. "आधी सगळ्यांत कमी सात होते, सगळ्यांत जास्त बावीस. म्हणजे विस्तार पंधरा. आता?"

"सात ते चौतीस! सत्तावीस!" वर्ग ओरडला.

"आणि वीसच्या पुढे किती जण?"

भिंगरी फळ्याजवळ जाऊन बोटाने मोजू लागली. "बारा, बाई. पन्नासात बारा!"

दुसरं पत्र गेलं, या वेळी तक्त्यासकट. आठवड्याने रस्ते विभागाचे साहेब स्वतः वर्गात हजर झाले. हातात फाइल, कपाळावर आठ्या.

"सरासरी तर अजूनही वीसच्या आतच आहे," ते म्हणाले.

"हो साहेब, तुमची सरासरी बरोबरच होती. आम्ही पण मोजली," भिंगरी म्हणाली. तिने मला मुठीत घट्ट धरलं होतं. "पण सरासरीत हे बारा जण दिसत नाहीत. तक्त्यात दिसतात."

"यातले दहा तर रस्त्यावर आलेच नव्हते."

"नव्हतेच ना! वीस सेकंदांच्या भीतीने नव्हते. म्हणून लाल खडूने लिहिलेत. आम्ही काही लपवलेलं नाही."

साहेब फळ्याजवळ गेले. मग त्यांनी सगळ्यांत खालच्या गटातल्या टोकाच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "ही कोण?"

"माझे आजोबा. चौतीस सेकंद."

"घरी असतील का आत्ता?"

"कुठे जाणार?" भिंगरी म्हणाली.

साहेबांनी मला मागून घेतलं. चौकात आजोबांचा हात एका हातात, मी आणि फाइल दुसऱ्या हातात. हिरवा लागला. बटण दबलं. पाच... दहा... पंधरा... विसाव्या सेकंदाला आम्ही जेमतेम निम्मा रस्ता ओलांडला होता. दिवा लाल! हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक टेम्पो अंगावर येता येता थांबला. साहेबांनी हातातली फाइल उंच धरली आणि ओरडले, "थांबा! थांबा म्हणतो ना!" सगळी रांग थांबली. त्यांच्या घामाने माझी काच ओली झाली होती. पलीकडच्या फूटपाथवर पाय टेकला, तेव्हा मी पस्तीस दाखवत होतो.

"इतकी वर्षं मी हा चौक गाडीत बसून बघत होतो हो," साहेब धापा टाकत आजोबांना म्हणाले.

महिन्याभराने सकाळ-संध्याकाळचा हिरवा दिवा चाळीस सेकंदांचा झाला. "पस्तीसच का नाही?" कुणी विचारलं, तर साहेब म्हणे उत्तरले, "माणसाने वाटेत श्वासही घ्यायचा नाही का?" गाडीवाले कुरकुरतात, नाही असं नाही.

पहिल्या दिवशी आजोबा एकटे निघाले. मी भिंगरीच्या हातात असूनही कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ते पलीकडे पोहोचले, वळून दिव्याकडे बघितलं. अजून हिरवाच! असे काही हसले, की अलीकडे बाईंनी पदराने डोळे पुसले. मग दुकानाचं शटर खडखडत वर गेलं. आता मी आजोबांनी शिवलेल्या मऊ निळ्या पिशवीत राहतो आणि पिशवी बाईंच्या टेबलावर असते.

पण दुपारचा दिवा अजून वीसच सेकंदांचा आहे. दुपारची मोजणी उद्यापासून! माझी स्प्रिंग आता थकलीय. घड्याळजी म्हणाला, फार ताण देऊ नका. मी मात्र कधीचा तयार बसलोय.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या चौकातून जाताना फूटपाथवर वह्या घेतलेली पोरं दिसली, तर आमच्यासाठी भराभर पावलं उचलू नका. पिशवी जड असेल तर मध्येच हात बदला. गुडघा दुखत असेल तर दुखऱ्या गुडघ्यानेच चाला. तुम्ही उगाच धावलात, तर आमचा तक्ता खोटा पडेल.

सावकाश या. मी मोजत राहीन.