अडकलेला आकडा

नव्या इमारतीच्या नियंत्रण कक्षात तिला नोकरी लागली ती भाऊजींच्या ओळखीने. भाऊजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. शेजारच्या जुन्या इमारतीच्या तळघरात ते बॉयलर सांभाळायचे.

दोन्ही इमारतींच्या यंत्रणा वेगवेगळ्या काळातल्या. जुनीकडचे पंखे आणि वायू मोजणारे सेन्सर एका भाषेत बोलायचे, नवीकडचे संगणक दुसऱ्या. मध्ये गेटवे नावाची एक चपटी पेटी दुभाष्याचं काम करायची. तिच्यामुळे तळघरात बॉयलरचा विषारी वायू किती आहे, हे हिला खुर्चीत बसून दिसायचं. त्याला वास नसतो, म्हणून भरवसा आकड्यावरच. आकडा वाढला की पंखे सुरू करायचं कामही संगणकाचंच.

त्या दुपारी तळघरातून फोन आला.

"मेव्हणीबाई, सकाळपासून डोकं भणभणतंय. तुमचा पडदा काय म्हणतो? हवा बरी आहे ना खाली?"

तिने पाहिलं. आकडा नऊ. धोक्याच्या खुणेपासून कितीतरी लांब. पंखे बंद.

"सगळं ठीक आहे, भाऊजी. जागरण झालं असेल. सामना बघत बसला होता म्हणे, ताई सांगत होती."

"चुगल्या करायला तिला तूच सापडतेस," ते हसले. "बरं, पडतो जरा बाकावर."

मग लिफ्टची तक्रार आली आणि ती त्यात गुंतली. मोकळी होऊन पाहते तर आकडा नऊच. तिला खटकलं. एरवी तो सतत खालीवर व्हायचा, बॉयलर पेटला की हमखास चढायचा. तिने दिवसभराचा आलेख उघडला. सकाळपासून एक सरळ रेघ.

तिने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पंखे सुरू करायचं बटण दाबलं, काहीच हललं नाही. रखवालदाराला हाक मारतच ती धावत सुटली. त्याने बाहेरून गॅस बंद केला, दारं सताड उघडली, नाकाला रुमाल बांधून तो आत शिरला आणि भाऊजींना ओढत जिन्यापर्यंत घेऊन आला. त्यांचे गाल नुकतंच उन्हातून आल्यासारखे लालबुंद होते. क्षणभर तिला वाटलं, वाचले. डॉक्टर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

चौकशीत कळलं ते असं. सकाळी पाइपांच्या दुरुस्तीत बॉयलरच्या धुराड्याचा जोड निखळला, आणि त्याच झटापटीत सेन्सर आणि पंख्यांकडे जाणारी तारही तुटली. पलीकडून काही ऐकू येईना, म्हणून गेटवे शेवटचा ऐकलेला आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"गेटवे बिघडला नव्हता," पेटी बसवणारा इंजिनिअर म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "पलीकडचा आवाज बंद झाला की इशारा द्यायची सोय आहे त्यात. ती चालू करायची राहिली. माझ्याकडूनच."

मग आवारातले सगळे गेटवे उघडून पाहिले. ती सोय एकातही चालू नव्हती.

ताईला हे सगळं कुणीतरी सांगितलं होतं, फक्त फोनचं सोडून. ते तिने स्वतः जाऊन सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्यांनी विचारलं होतं तुला?"

"हो."

"आणि तू ठीक आहे म्हणालीस."

"पडद्यावर नऊ दिसत होते, ताई."

"मला आकडे नको सांगूस." ताईने हातातला शर्ट उलगडला, पुन्हा घडी घातली. "तुझी चूक नाही, हे कळतंय मला. पण आत्ता तुझा आवाज ऐकवत नाही."

ती उठली. दारापाशी पोचली तशी मागून ताई म्हणाली, "सासूबाई रोज विचारतात, त्याच्याशी शेवटचं कोण बोललं म्हणून. त्यांना तूच सांग. माझ्याच्याने नाही होणार."

आतल्या खोलीत म्हातारी पलंगावर टेकून बसली होती. हिला पाहून ती सरकली आणि बसायला जागा करून दिली. "ये गं," ती म्हणाली.

ती बसली. "त्या दुपारी भाऊजींचा फोन..." एवढंच ती म्हणाली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.