मागीलदारच्या तांब्याने पाहिलेलं

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. अंगाला पोचे, बुडाला ठिगळ, काठ वाकडा. कसालपासून थोडं आत एका वाडीत, घराच्या मागीलदारी, संडासाबाहेरच्या दगडावर माझी जागा आहे. आता कळलं ना मी कोणत्या कामाचा ते? हसा, खुशाल हसा. लोक मला टमरेल म्हणतात, तेही मी ऐकून घेतो.

पण जन्मापासून मी असा नव्हतो बरं! या घरच्या मथुराआजीने मला फोंडाघाटच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझ्यात तोंड पाहता येत असे. चुलीजवळच्या फळीवर माझी जागा होती. पाहुणा आला की पाणी माझ्यातूनच द्यायचं, असा आजीचा नियम होता. मग एकदा कोणाच्या तरी हातून निसटून मी विहिरीत पडलो. मला बाहेर काढलं तेव्हा बुडाला भोक पडलं होतं. बाजारात नेऊन ते बुजवलं खरं, पण आजी म्हणाली, "आता ह्यो घरात नको, मागीलदारी ठेवा." झालं! माझा मान तिथेच संपला. मी पुष्कळ दिवस रुसून होतो, पण तांब्याच्या रुसण्याची दखल कोण घेतो?

मागीलदारी मात्र मला जे दिसलं, ते घरातल्या कुठल्याच भांड्याला दिसलं नाही. माणूस तिथे एकटा येतो आणि बाहेर आल्यावर तिथलं काही कोणाला सांगत नाही. मथुराआजीचे यजमान सदानंद फार सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या अखेरच्या वर्षी पांढऱ्या भांड्यावर मी लाल रंग पाहिला. ते घाईघाईने माझ्यातून दोनदा पाणी ओतायचे आणि चेहरा कोरा करून बाहेर यायचे. घरात कळलं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याध असं नाव देऊन टाकलं. झाडपाल्याचं औषध झालं, ताकभात झाला. ते सुकत गेले आणि मग गेले. डॉक्टरला कोणी दाखवलंच नाही. मला त्यांची अजून आठवण येते.

त्यांचा थोरला मुलगा सत्यवान. तो आता पन्नाशी ओलांडलेला, भातशेती आणि काजूची बाग सांभाळणारा, गावात शब्दाला मान असलेला माणूस. त्याची बायको शेवंती, मुलगी नम्रता आणि शेजारच्याच घरात राहणारा धाकटा भाऊ बाबू, एवढी ही माणसं.

गोष्ट सुरू झाली ती मे महिन्यात. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात. साली सोलं करायला उन्हात पडतात, आणि रसाचं मीठ घालून आगळ होतं. सगळ्यांचे हात लालभडक, कपड्यांवर डाग, अंगणात माश्या. सत्यवान तर सकाळ-संध्याकाळ आगळाचं पाणी पिणारा. म्हणून पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "आगळाचो रंग तो." आणि पाणी ओतून मोकळा झाला.

सोलं वाळली, डब्यात भरली गेली, भातकापणीही उरकली, पण रंग काही थांबला नाही. मग त्याने उष्णतेवर ढकललं. मग वडिलांसारखी मूळव्याध झाली असं ठरवलं. पोट धड साफ होईना, पँट कमरेला सैल झाली, चढ चढताना तो धापा टाकू लागला. शेवंतीने विचारलं की म्हणे, "वय झाला माझा आता." मी सगळं पाहत होतो, मित्रांनो. सदानंदांच्या वेळचाच तो रंग होता. माझा जीव नुसता तळमळत होता.

आमच्या मागीलदारी कोपऱ्यात फणसाखाली राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे घराची आणि जमिनीची राखण करणारा देव. त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालायची रीत अशी, की एकाने आपलं दुखणं मोठ्याने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यापाठोपाठ 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. सत्यवान गावातही गाऱ्हाणं घालायचा, त्याचा आवाज खणखणीत. पण त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन एकटाच दगडासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक काय झाला ता कळणा नाय. तेका तू सांभाळ रे म्हाराजा!"

नम्रता दोरीवरचे कपडे काढायला आली होती. लहानपणापासूनची सवय. कपड्यांच्या आडून ती आपोआप म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

सत्यवानच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

"जा रगात पडता आसा, ता बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." नम्रता तिथेच थांबली. तिच्या हातातले कपडे खाली पडले. "बाबा, रगात? खंय रगात पडता?"

सत्यवानने मान खाली घातली. शेवंतीही धावत बाहेर आली. ऐकल्यावर ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, "देवाक सांगितलात आणि माका कित्याक सांगूक नाय?"

"लाज वाटता गो," तो म्हणाला. "ह्या काय सांगूची गोष्ट आसा?"

देव त्या दिवशी ऐकत होता की नाही ते मला माहीत नाही. मुलगी ऐकत होती, एवढं मात्र मी पाहिलं.

पुढचं भराभर घडलं. जवळच्या दवाखान्यात तपासणी झाली, तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. शेवंतीने सामान बांधताना मलाही पिशवीत घातलं. "थंय टमरेल मेळात काय नाय कोणाक म्हायत," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी माझा प्रवास! मी खाटेखाली राहिलो आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं.

"घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?" त्यांनी विचारलं.

"वडिलांना मूळव्याध होती," सत्यवान शुद्ध भाषेत, शाळेतल्या मुलासारखा बोलला.

"ती तपासून घेतली होती?"

सत्यवानने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. तो फार पसरायच्या आत सापडला, तर माणूस जगण्याची आशा पुष्कळ असते. तुमची गाठ यकृतापर्यंत गेलेली नाही. आणखी उशीर झाला असता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. आता ऑपरेशन, मग औषधं. ती अर्धवट सोडायची नाहीत. आणि तुमच्या भावाचीही तपासणी करा. हा आजार काही घरांत पिढ्यान्पिढ्या चालतो."

ऑपरेशन झालं. काही महिन्यांसाठी पोटाला पिशवी लावली, शौच तिच्यात जमायचं. सत्यवान तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. शेवंतीने नर्सबाईंकडून सगळं शिकून घेतलं. घरी आल्यावर ती माझ्यातलं पाणी घेऊन पिशवी साफ करायची.

"तुका घाण वाटणा नाय?" त्याने एकदा विचारलं.

"तुमच्या चेडवाचे, नम्रताचे, लंगोट धुतलंय, तेव्हा खंय वाटली?" ती म्हणाली. तो हसला. ऑपरेशननंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. त्या औषधाने त्याला गार वस्तू सोसेना. विहिरीचं पाणी लागलं की बोटांत काटे टोचत, आणि माझं गार अंग तर त्याला शत्रूच वाटे. मला वाटलं, आता मी अडगळीत जाणार. पण शेवंतीने जुन्या लुगड्याचं जाड कापड माझ्या अंगाभोवती शिवलं आणि माझ्यात कोमट पाणी भरू लागली. मित्रांनो, मथुराआजीच्या फळीवरही इतक्या मायेने मला कोणी हाताळलं नव्हतं.

औषधं अर्ध्यावर आली आणि पुढच्या वर्षीच्या लावणीचे दिवस आले. सत्यवान अडून बसला. "गाठ काढल्यानी, आता आणखी कित्याक? शेत पडीक टाकू काय?"

बाबू चिखलाच्या पायांनीच आला. "लावणी मी बघतंय दादा. तू जा."

सत्यवान तरी हलेना. तेव्हा शेवंती त्याच्यासमोर उभी राहिली. "मामंजींका कोणी वाचवूक नाय. सगळे बघत रवले. तुमका मी सोडूचंय नाय. उद्या गाडयेत बसूचा." आणि ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला. औषधं पूर्ण झाली, पुढे पिशवीही निघाली. आता तो ठरल्या तारखांना तपासणीला जातो. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून काही वर्षं लक्ष ठेवायचं. पुढे काय होईल याची खात्री कोणीच देत नाही, पण आज तो काजूच्या बागेत आहे.

राहता राहिला बाबू. त्याला तपासणीचं सांगून सगळे थकले. "माका काय होवचा आसा?" म्हणून तो उडवून लावायचा. गेल्या महिन्यात एका सकाळी मात्र तो मागीलदारी आला, विहिरीकडे तोंड करून उभा राहिला आणि पुटपुटला, "दादा, तुका पयला... कसा दिसला होता?"

सत्यवान हातातलं काम टाकून त्याच्याजवळ आला. मग गाऱ्हाण्याच्या त्या खणखणीत आवाजात, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असा म्हणाला, "रगात! लाल रगात दिसला होता! तुका पण दिसता काय?"

"हळू बोल रे!" बाबू दचकला.

"हळू बोलान बोलान आमचो बापूस गेलो." सत्यवानने त्याचा हात घट्ट धरला. "कापडा बदल. आत्ताच जाव्या."

दोघे भाऊ गेले. बाबूच्या आतड्यात मांसाचे लहानसे कोंब सापडले. उद्या त्यांचा कर्करोग झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते तपासतानाच काढून टाकले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे आजोबा, काका, आई मागीलदारी जाऊन चेहरा कोरा करून परत येत असतील. त्यांना विचारा. ते लाजतील, कदाचित ओरडतील, तरी विचारा, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत पिच्छा सोडू नका. सदानंदांच्या वेळी सगळं पाहणारा मी एकटाच होतो, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.